कुऱ्हाड मागच्या पडावावर

१

बोट भरत आली की मी इंजिनाच्या खड्ड्यातून वर येतो, मागच्या टोकाला पालथा पडतो आणि कठड्याखालून हात सोडतो. बोटीच्या पोटावर एक पांढरी रेघ रंगवलेली आहे. रेघ आणि पाणी यांच्यात किती बोटं मावतात ते बघायचं. साठ माणसं भरली की मागच्या अंगाला बरोबर चार बोटं मावतात. गेली अकरा वर्षं मी हे करतो आहे आणि अकरा वर्षं लोक माझ्या पार्श्वभागावर विनोद करतात. मला त्याचं काही वाटत नाही. आपण बरं आणि आपलं इंजिन बरं.

तर कपचा मंगळवार होता, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या घोड्यांच्या शर्यतीचा. मेलबर्नमध्ये त्या दिवशी मेलेला माणूसही उठून शर्यतीला जातो म्हणतात. रेल्वे आहे, बग्ग्या आहेत, पण ज्यांना नटूनथटून, गात, कोंबडी खात जायचं असतं ते बोटीने जातात. यारा नदीने खाली, मग वळून खाऱ्या नदीने वर, थेट फ्लेमिंग्टनच्या मैदानाच्या पायथ्याशी. आमची बोट 'पाणकोंबडी'. नावासारखीच बसकी आणि कुरकुरी, पण भरवशाची.

मी हात सोडला तर तो मनगटापर्यंत पाण्यात गेला. रेघ दिसेना. चाचपून पाहिली तेव्हा पाण्याखाली चार बोटांवर लागली.

मी उठून माणसं मोजली. एक्केचाळीसच चढली होती. मागच्या बाकावर हॉब्ज नावाचा जाडजूड पाववाला त्याच्या दोन तितक्याच वजनदार बहिणींना घेऊन बसला होता. मी त्याला म्हटलं, तुम्ही तिघं जरा पुढे बसलात तर बोट तुमचे उपकार मानेल. तो हसला, उठला आणि बहिणींना घेऊन पुढे गेला. मी पुन्हा पालथा पडलो. रेघ तिथेच, चार बोटं खाली.

सुकाणूच्या चाकापाशी सिलास ग्रीव्ह उभा होता. बोट त्याची, मी नोकर. त्याला सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ओहोटी आहे," तो म्हणाला. "खाली ओंडका अडकला असेल. वाफ किती झाली ते सांग."

ओंडका बोटीला वर उचलतो, खाली ओढत नाही. पण मी वाद घातला नाही. त्याच्या गळ्याला नवी टाय होती, दाढी घोटलेली होती आणि येत्या रविवारी त्याचं लग्न होतं.

२

लग्न ज्या बाईशी होतं ती आमच्याच बोटीवर होती. ब्रायडी टली. मधल्या टपरीत चहा, पाव आणि हॅम विकायची. तिशीची, शांत, कमी बोलणारी. अंगावरचे काळे कपडे तिने त्याच सकाळी उतरवले होते. तिचा नवरा ओवेन याला बुडून त्या दिवशी वर्ष झालं होतं, म्हणजे तारखेने नव्हे, कपच्या मंगळवारापासून कपच्या मंगळवारापर्यंत. आमच्याकडे वर्ष असंच मोजतात.

ओवेन कसा बुडाला हे सगळ्या नदीला माहीत होतं. म्हणजे आम्ही दोघांनी जे सांगितलं ते माहीत होतं.

ओवेन घोडेवाला होता. टास्मानियाहून उशिरा आलेली एक करडी घोडी शर्यतीच्याच सकाळी मैदानावर पोचवायची होती. रस्त्याने तिचे पाय दुखावतील म्हणून मालकाने तिला एका पडावात, म्हणजे ओढून न्यायच्या सपाट तळाच्या होडीत, उभी केली, बरोबर ओवेनला दिलं आणि पडाव आमच्या मागे बांधला. शिवाय बोटीत साठ प्रवासी होतेच. सिलासला नाही म्हणता येत नाही, ही त्याची जुनी खोड.

आमच्या नदीवर एक रीत आहे. ओढीचा दोर पुढच्या बोटीच्या खुंटाला बांधतात, पण तो तोडायची कुऱ्हाड मागच्या पडावावर ठेवतात. पुढच्या बोटीने दोराला हत्यार लावायचं नाही. अडचण आली की पुढच्याला आधी आपलाच जीव दिसतो, म्हणून दोर कधी तोडायचा ते मागच्याने ठरवायचं. मागच्याने पंजा उघडून हात वर केला तर अर्थ एकच, थांबा. ही रीत मोडणाऱ्याला पुढे या नदीवर कोणी काम देत नाही, पाणीसुद्धा विचारत नाही.

खाऱ्या नदीच्या दुसऱ्या वळणावर चरबी उकळण्याचे कारखाने आणि हाडांची गिरणी आहे. तिथला वास घोडीच्या नाकात गेला. ती उधळली, तिने फळ्या फोडल्या, पडावात पाणी भरू लागलं. पडाव आडवा झाला आणि त्याने आमची शेपटी खाली ओढली. बायका किंचाळायला लागल्या. सिलास खड्ड्याच्या तोंडाशी आला आणि म्हणाला, ओबेड, कुऱ्हाड दे. कोळसा फोडायची माझी छोटी कुऱ्हाड होती. मी दिली.

खड्ड्याला मागच्या अंगाला एक झरोका आहे. त्यातून मी पाहिलं. ओवेन एका हाताने घोडीचा कासरा सोडवत होता आणि दुसरा हात त्याने वर केला होता. पंजा उघडा होता, मला पाचही बोटं दिसली.

सिलासने दोन घाव घातले. पडाव जागच्या जागी फिरला आणि उलटला. माणूस सापडला नाही. घोडीही सापडली नाही, आणि ती नदी घोडा हरवण्याइतकी मोठी नाही. खुंटावर उरलेलं दोराचं टोक मी भट्टीत घातलं. चौकशीत सिलास म्हणाला दोर तुटला. मला विचारलं, मी म्हणालो दोर तुटला. साठ माणसं वाचली होती, सगळ्यांनी आमची पाठ थोपटली.

पुढे सिलासने ब्रायडीला बोटीवर काम दिलं. आधी दया असेल, मग दुसरं काही झालं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण सिलासला बघून तसं वाटायचं नाही. तो त्या बाईवर खरंच जीव लावून बसला होता, हे मी शपथेवर सांगेन. माझी शपथ किती खरी ते आता तुम्हाला कळलंच आहे.

३

बोट सुटली. कोणीतरी बाजा काढला, हॉब्जच्या बहिणी गायला लागल्या. मी खड्ड्यात उतरलो.

खड्डा म्हणजे माझं घर. लांबीला तीन पावलं, रुंदीला दोन. एका अंगाला बंब, दुसऱ्या अंगाला कोळसा, मधे दट्ट्या वरखाली. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचा दांडा माझ्या पायांखालून मागे जातो आणि त्याची धडधड तळव्यांना कळते. मिनिटाला नव्वद ठोके. घड्याळ न बघता सांगतो मी.

त्या दिवशी मला घड्याळ काढावं लागलं. चौसष्ट होते.

वाफ भरपूर होती. झडपा तपासल्या, ठीक होत्या. वंगण होतं. कोळसा ओला असेल म्हणून मुठीत घेऊन पाहिला, खडखडीत कोरडा होता. मागे ओझं असलं की इंजिन चौसष्टवर येतं, भरलेला पडाव ओढताना. मी स्वतःला बजावलं, म्हाताऱ्या, पंख्याला शेवाळ गुंडाळलंय, दुसरं काही नाही.

शेवाळावर उपाय आहे. मी सिलासला ओरडून सांगितलं आणि इंजिन उलटं फिरवलं. पंखा उलटा फिरला की शेवाळ सुटतं. बोट मागे सरकली, अगदी सहज, हलकी. मग पुन्हा पुढे सोडलं. आणि वा, नव्वद ठोके. मी हातसुद्धा पुसले.

आम्ही साधारण पंधरा वाव पुढे गेलो असू. मग मागून हिसका बसला. वर माणसं एकमेकांवर आदळली, कपबश्या फुटल्या, हॉब्जचा चहा त्याच्याच पांढऱ्या पाटलोणीवर सांडला आणि लोक हसले. माझं डोकं बंबाच्या पट्टीवर आपटलं. दट्ट्या पुन्हा चौसष्टवर आला.

ज्याने आयुष्यात एकदाही ओढ घेतली आहे त्याला तो हिसका समजवावा लागत नाही. ढिला पडलेला दोर ताणला गेला की असा हिसका बसतो.

मग एक आवाज सुरू झाला. झरोक्याच्या वर, मागच्या फळीत रुतवलेला ओढीचा खुंट आहे, जाड ओकचा. तो कुरकुरत होता. बोट डावीकडे वळली की थांबायचा, उजवीकडे वळली की पुन्हा सुरू. मी झरोक्यातून बघितलं. खुंट रिकामा होता, मागे नुसतं पाणी होतं. बोटीमागे उठणारी लाट नेहमीची होती, आणि तिच्या मागे पन्नास हातांवर आणखी एक लाट होती, लहान, सपाट तळाच्या पडावामागे उठते तशी. मी ती लाट दुसऱ्या एखाद्या बोटीची ठरवली. तिथे दुसरी बोट नव्हती, एक येत होती ती त्या लाटेच्याही बरीच मागे.

दुसरं वळण आलं तेव्हा बायकांनी अत्तराचे रुमाल नाकाला लावले. बाजा थांबला. सिलासने त्या वळणावर एकदाही मागे पाहिलं नाही, हे मी पाहिलं. वळण सरलं आणि बाजा पुन्हा वाजू लागला. मला वाटलं, सुटलो.

४

मैदानाच्या धक्क्याला आमच्यानंतर जोसाया केनची बोट लागली. जोसाया तोंडाने फाटका आणि मनाने चांगला. प्रवासी टेकडी चढून गेले तसा तो कमरेवर हात ठेवून आमच्याकडे आला आणि सिलासला बोलू लागला. गेल्या वर्षी एवढं होऊनही तू पुन्हा ओढ घेतलीस, बरं घेतलीस ते घेतलीस, दोर एवढा लांब कशाला सोडलास, मला दर वळणावर काठाला घासून जावं लागलं.

"कसली ओढ?" सिलास म्हणाला.

जोसायाने आमच्या मागे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग टोपी काढून कपाळ पुसलं.

"ऊन डोळ्यांवर होतं माझ्या," तो म्हणाला, आणि आपल्या बोटीकडे गेला. जाताना त्याने आमची शेपटी जिथे होती तिथून न जाता लांबचा वळसा घेतला, जमिनीवरूनसुद्धा.

दुपारभर टेकडीपलीकडून गर्दीचा आवाज येत राहिला, शर्यत लागली की वाढायचा, संपली की खाली बसायचा. सिलास चाकापाशी मागे पाठ करून बसून होता. मी खुंट बघायला गेलो. सगळा खुंट उन्हाने तापलेला होता, फक्त मधे वीतभर रुंदीचा पट्टा ओला होता. मी त्यावर बोट फिरवलं. लाकडात ताजी खाच पडली होती आणि तागाचा एक धागा तिथे चिकटला होता. मी तो काढून फेकून दिला. काय करायचं होतं त्याचं? तेव्हाच मी बोटीवरून उतरायला हवं होतं. पण अकरा वर्षांची नोकरी, आणि उतरून सांगणार काय, की बोट जड लागते?

ब्रायडी चहा घेऊन आली. माझ्याजवळ कोळशाच्या पेटीवर बसली. नवा निळा झगा होता, तो ती पुन्हा पुन्हा गुडघ्यांवर सारखा करत होती, अजून सवय नव्हती.

"मिस्टर राउस, रविवारच्या आधी एक विचारायचंय," ती म्हणाली. "तुम्ही खोटं बोलत नाही असं सगळे म्हणतात."

मी म्हटलं, लोक काहीही म्हणतात.

"दोर खरंच तुटला का?"

तिने रडवेल्या आवाजात विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिने भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्यामागे चाकापाशी सिलासची पाठ ताठ झालेली मला दिसली. त्याला ऐकू जात होतं. त्याचा सगळा रविवार माझ्या जिभेवर होता.

"तुटला, बाई," मी म्हणालो. "चौकशीत सांगितलं तेच."

तिने मान हलवली. म्हणाली, वर्षभर स्वप्नात ओवेन येतो, पण बुडालेला येत नाही. कोरडा असतो, उभा असतो आणि दोर हातावर गुंडाळत असतो. तो कितीही गुंडाळला तरी संपत नाही. ती सांगत असताना खुंट एकदा कुरकुरला. बोट धक्क्याला बांधलेली होती, पाणी स्थिर होतं. तिने आवाजाच्या दिशेने बघितलं आणि कप उचलून टपरीत गेली.

५

परत निघालो तेव्हा सहाला थोडा अवकाश होता. स्वच्छ ऊन होतं. प्रवासी जिंकलेले, हरलेले, प्यायलेले, दमलेले, साठच्या साठ. मी हात सोडून बघितलंच नाही. बघायची गरज नव्हती, मागच्या फटींतून पाणी आत झिरपत होतं. मी फटींत चिंध्या कोंबल्या आणि पंप मारत बसलो.

त्याच वळणापाशी इंजिन पूर्ण वेगात होतं आणि ओहोटीही आमच्याच बाजूची होती. तशा पाण्यात बोट आपोआप धावते. मी झरोक्यातून हाडांच्या गिरणीचं धुराडं बघत होतो, ते मागे पडेल म्हणून. ते मागे पडेना. पंखा पाणी कापत होता, नदी आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे वाहत होती, आणि धुराडं तिथल्या तिथे होतं. आम्ही उभे होतो.

मग शेपटी खाली जायला लागली. हळूहळू, कोणी हातावर हात टाकत दोर ओढावा तशी. मागच्या बाकांवरची माणसं हसत हसत उठली, मग हसू थांबलं. पाणी फळीवर आलं. हॉब्जने एका बहिणीला उचलून पुढे नेलं. कोणी ओरडलं नाही, हे मला त्या वेळी सगळ्यात वाईट वाटलं. गेल्या वर्षी निदान आवाज होता.

सिलास खड्ड्याच्या तोंडाशी आला. चेहरा पिठासारखा झाला होता.

"कुऱ्हाड दे," तो म्हणाला.

मी विचारलं, काय तोडणार आहेस? खुंटाला काही नाहीये.

"दे म्हणतो ना. गेल्या वर्षी दिलीस तशी दे."

टपरीच्या दारात ब्रायडी उभी होती. तिच्या हातात फडकं होतं. तिने सिलासकडे पाहिलं, मग खड्ड्यात माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिने फडकं घडी करून फळीवर ठेवलं. एवढंच केलं. सिलास तिच्याकडे वळला. त्याच्या तोंडून जे निघून गेलं होतं ते आता परत घेता येणार नव्हतं.

कुऱ्हाड माझ्या पायाशी होती. मी ती दिली नाही. पुण्य म्हणून नाही, माझे हातच उचलेनात.

ब्रायडी मागे गेली. तिथे आता घोट्यापर्यंत पाणी होतं. निळा झगा भिजला. तिने खुंटावर हात ठेवला आणि नदीकडे बघून हाक मारली, फार मोठ्याने नाही, जेवायला बोलवावं तशी. मी झरोक्याला डोळा लावला. लावायला नको होता.

पाण्यावर मावळतीचं ऊन होतं, ते डोळ्यांत जात होतं, हे मी आधी सांगून ठेवतो. पन्नास हातांवर करड्या रंगाचं काहीतरी उभं होतं. चार पायांवर, शांत, मान खाली. त्याच्या शेजारी एक माणूस होता. त्यांच्याखाली पडाव नव्हता, काहीच नव्हतं. दोघंही कोरडे होते. माणसाचा एक हात घोडीच्या मानेवर होता आणि दुसरा वर होता, पंजा उघडा. हात स्थिर होता. वर्षभर तसाच धरलेला असावा इतका स्थिर.

"आज नको, ओवेन," ब्रायडी म्हणाली. "आज बोटीत माणसं आहेत."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बोट पाण्यातून उसळून पुढे धावत होती, माणसं पुन्हा एकमेकांवर पडली होती, आणि माझ्या तळव्यांखाली दांडा नव्वदच्याही वर धडधडत होता. मागे नुसतं ऊन होतं.

६

मेलबर्नच्या धक्क्यापर्यंत बाजा वाजला नाही. लोक उतरले ते मागे न बघता. हॉब्जने बहिणींना हाताला धरून उतरवलं आणि माझ्याशी हात मिळवला, का ते त्यालाही माहीत नसावं. साठ माणसं उतरली. भरलेली बोट रिकामी झाली की वीतभर वर येते. पाणकोंबडी वर आली नाही.

रोज संध्याकाळी बोट समोरच्या काठाला नेऊन नांगरायची असते. ते काम मी आणि सिलास मिळून करतो. त्या दिवशी सिलास चाकापाशी उभा राहिला आणि म्हणाला, तू उतर ओबेड, वाफ आहे, मी एकटा नेतो. मला वाटलं म्हणावं, राहू दे, इथेच बांध, उद्या बघू. म्हणालो नाही. मी माझा डबा घेतला आणि उतरलो. साठ वर्षांच्या माणसाला लाजेने घाम फुटतो हे मला तेव्हा कळलं.

ब्रायडी आधीच धक्क्यावर होती. सिलासने तिला नावाने हाक मारली. तो म्हणाला की त्याने साठ माणसांसाठी केलं होतं, आणि ते खरं होतं. तो म्हणाला की तिला सांगणार होता, रविवारच्या आधी सांगणार होता. ते खरं होतं की नाही कोण जाणे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग वाकून धक्क्यावरचा दोर सोडला, नीट गुंडाळला आणि बोटीवर टाकला.

"जा तू," ती म्हणाली.

बोट धक्क्यापासून सुटली. मी कानांनी इंजिनाची वाट बघत होतो. इंजिन सुरू झालं नाही. धुराड्यातून धूर नव्हता. तरी बोट चालली होती, शेपटीकडून, नदीच्या मधून खाली, खाऱ्या नदीच्या तोंडाकडे. ओहोटी होती, हे मला ठाऊक आहे. पण ओहोटीत सुटी बोट गिरक्या घेते, काठाला लागते. ही सुतासारखी सरळ जात होती. सिलास आमच्याकडे तोंड करून चाक धरून उभा होता. गोदीत लागलेल्या जहाजांच्या आड जाईपर्यंत तो तसाच दिसत होता.

नंतर काय सापडलं आणि काय नाही, ते वर्तमानपत्रात आलं आहे. मला त्यात भर घालायची नाही.

धक्क्यावर आम्ही दोघंच उरलो. ऊन अजून होतं. ब्रायडी झग्याचं ओलं टोक पिळत होती. ते पिळून झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"कुऱ्हाड तुम्ही दिलीत, ते कळलं," ती म्हणाली. "मी काही म्हणत नाही. बायकामुलं होती बोटीत, मी असते तर मीही दिली असती. मला एवढंच सांगा, मिस्टर राउस. त्याने हात वर केला होता?"

आता काय उरलं होतं लपवायला? सिलास गेला होता, बोट गेली होती, नोकरी गेली होती. खरं बोलायला माझं काही जाणार नव्हतं. आणि या बाईचा त्या एका गोष्टीवर हक्क होता, माझ्या घामापेक्षा, माझ्या म्हातारपणापेक्षा जास्त. हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं.

"मी खाली खड्ड्यात होतो, बाई," मी म्हणालो. "मला काही दिसलं नाही."

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली. थोडी खाली, थोडी लांब, पन्नास हातांवर असावी. मग तिने मान हलवून निरोप घेतला आणि पुलाकडे निघून गेली.

मी मागे वळून पाहिलं नाही. घराकडे चालू लागलो. धक्क्यापासून माझ्या घरापर्यंतचा रस्ता एकदम सपाट आहे, गोटी ठेवली तर घरंगळणार नाही. त्या संध्याकाळी मला त्यावर चार ठिकाणी बसावं लागलं. आता रोज बसावं लागतं.